एक नंबरचं मत

मैत्री वेगळी आणि फुटबॉल वेगळा, हे मी आमच्या झरी गावातल्या चहाच्या टपरीवर इतक्या जोरात सांगून बसलोय की आता नाकारताही येत नाही. गावच्या संघातून कुणाला काढायचं, यावर आम्ही पाच समर्थक भांडत होतो. मी म्हणालो, "गोलकीपर दत्ता गेलाच पाहिजे. बॉल जाळीत गेल्यावर हा उडी मारतो!"

तेवढ्यात मागच्या बाकावरून दत्ताचे वडील उठून आले. शेळ्या पाळणारे किसनमामा.

"गप का झाले रे? काढा की! पण असं बोंबलून नसतंय. जनावराच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव करतेत, तसं करा. ज्याला काढायचं, त्याच्या जर्सीच्या नंबराएवढी माझी बोटं दाबा."

त्यांनी दोन्ही हातांवर रुमाल टाकला. दत्ताचा नंबर एक. मला फक्त एक बोट दाबायचं होतं. पण हात त्याच्या बापाचा होता. मी चटकन सात बोटं दाबली, म्हणजे आमच्याकडून गोल करणारा एकमेव खेळाडू, सुनील.

सगळ्यांची बोटं झाल्यावर मामा म्हणाले, "एक नंबरला एकच मत पडलं."

चौघांनीही माझ्याकडं बघितलं.

"त्याच्याकडं काय बघायले? त्यानं सात दाबले. एकचं मत माझं हाय. तुमी काढल्याबिगर ते पोरगं शेळ्यामागं यायचं न्हाई!"