ठोका थांबतो ती जागा

आम्ही पिंजारी. किल्लारीकडच्या खेड्यात आमचं घर. अब्बा गावोगाव फिरून गाद्या भरायचे. कापूस पिंजायची कमान असती ना, तिचा तूंग तूंग आवाज ऐकत मी मोठी झाले. घरात दखनी, गावात मराठी, म्हनून माझी भाषा अशी अर्धी इकडची अर्धी तिकडची, समजून घ्या ताई.

भूकंपाचं काय सांगू तुम्हाला. मी बारा वर्षांची, माझा भाऊ सलीम लहान. गणपती बोळवून लोक नुकतेच झोपले व्हते. दगडमातीचं घर, बसलं खाली. मला शेजाऱ्यांनी वढून काढलं. अम्मी-अब्बा गेले ते जागीच गेले, पन सलीम आत जिवंत व्हता ताई, त्याच्या हाताला कायतरी भांडं लागलं आसंल, त्याच्यावर ठोकत व्हता. टण, टण, टण, एका चालीत. लोक दगड उचलून राहिले, मी वरून वरडून राहिले, सलीम, ठोकत ऱ्हा, ठोकत ऱ्हा. उन्हं वर आली आन ठोका थांबला. एवढंच. पुढचं मी सांगत न्हाई.

लातूरला खालानं, अम्मीच्या बहिणीनं, सांभाळलं, लगीन करून दिलं. यांचा वरातीत डीजे लावायचा धंदा. मग आमच्या गल्लीत क्लासच क्लास झाले, घरोघर पोरी भाड्यानं राहिल्या. आमच्या वरच्या खोलीत देवणीची पल्लवी आली, डॉक्टर व्हायला. आन ही पुस्तक बाजूला सारून, कानाला हेडफोन लावून लॅपटॉपवर बसायची. चहा घेऊन गेले तर म्हनली, मौशी, ऐका, हलगी टेक्नो हाय. शब्द न्हाईत, गाणं न्हाई, खाली एकसारखा ठोका आन वर हलगी कडकडतीय. टण, टण, तसाच एका चालीत, तरी कानाला लावलेला हेडफोन काढावा वाटंना. म्हनलं, पोरी, मला शिकव.

शिकवलं तिनं. मला माऊस धरता येईना, बाण जायचा भलतीकडंच. ठोके रांगेत मांडायचे, हलगीचे तुकडे कापून त्यात बसवायचे. मी अब्बांच्या कमानीसारखा तूंग बनवला, लई खटपट केली. ती म्हनली, मौशी, आसा आवाज कुनाकडंच न्हाई. यांनी वरातीत लावलं तर लोक नाचायचं थांबंनात.

पन एक जमंना. पल्लवी म्हनायची, मधी ठोका थांबवा, सगळं रिकामं करा, लोक हात वर करून वाट बघत्यात, मग एकदम आदळायचा, त्याला ड्रॉप म्हनत्यात. म्हनलं, मी ठोका थांबवनार न्हाई. का हो मौशी? न्हाई म्हनलं ना, म्हनून खेकसलेच तिच्यावर. ती रडाया लागली. क्लासच्या परीक्षेत मार्क कमी पडले व्हते तिला, तिला वाटलं आता मी बी रागावले. मग जवळ घेतलं आन सलीमचं सांगितलं. यांना बी कधी न्हाई सांगितलं ते. डोळे पुसून म्हनली, हितं परत चालू करनं तुमच्या हातात हाय मौशी.

तिचा हात धरून ती रिकामी जागा ठेवली. मला वाटलं मन हलकं व्हईल. न्हाई झालं.

पुढं पल्लवीचा डॉक्टरकीला नंबर लागला, नांदेडला गेली. भूकंपानंतर वसवलेल्या आमच्या नव्या गावठाणात एक लगीन व्हतं, यांनी तेच लावलं. ती जागा आली. पोरं हात वर करून थांबली, हसून राहिली. मांडवातल्या माझ्या वयाच्या बाया मात्र एकदम गप. एकीनं माझा हात धरला. कोन व्हती, मला ठाऊक न्हाई. ठोका परत आला, पोरं उड्या मारायली, तरी तिनं हात सोडला न्हाई.

आता पल्लवी डॉक्टर हाय, ईदला फोन करती. मी अजून बनवते. ती जागा आली की उठून गॅलरीत येते. समोर खिडक्या-खिडक्यांतून पोरी मान खाली घालून वाचून राहिलेल्या असतात, कुनाची कोन, कुठल्या गावची. अल्लाह त्यांना यश देवो आन गाढ झोप देवो. माझं काय ताई, मला जागायची सवय हाय.