डावी कळी

मुलुंडच्या एका सीएच्या ऑफिसात अक्षता आपला नंबर यायची वाट बघत होती. शेजारी देवळाच्या ट्रस्टचे दोघे, दत्ताराम आणि त्यांचा पुतण्या सुशांत, हळू आवाजात भांडत होते. हळू म्हणजे कोकणी हळू, खालच्या पानवाल्यालाही ऐकू जाईल असं.

“काका, इन्कम टॅक्सच्या अपिलाची मुदत टळली. आता उशीर का झाला, ते लिहून द्यायचंय.”

“देवाला विचारल्याशिवाय कोर्टाची पायरी चढायची नाही, आपला रिवाज आहे.”

“मग विचारायचं ना.”

“विचारलं रे. दर सोमवारी गुरवाने मूर्तीला डावी-उजवीकडे कळ्या चिकटवून कौल लावला. दर सोमवारी डावी कळी पडली. डावी म्हणजे नाही.”

“गाभाऱ्यात फॅन चालू होता?”

“मग देवाला उकडत नाही?”

“फॅन कुठल्या बाजूला आहे?”

“डावीकडे. तुझ्याच बापाने बसवलाय.”

“वाट लागली. काका, हे कारण मी अर्जात कसं लिहू?”

“ट्रस्ट कोणाचा?”

“देवाचा.”

“म्हणजे अपील कोण करतोय?”

“देवच, तसं बघितलं तर.”

“मग लिही ना सरळ. अर्जदारच नको म्हणत होता.”