घामानंच गेलं असंल

हॅलो?… थांबा, थांबा, तोंडात दोरा हाय…

हां, बोला. कोण?… ज्योत्स्नावहिनी! जय भीम वहिनी. तुमच्याच फोनची वाट बघून राहिले होते. गेले का उदगीरचे पाहुणे? काय म्हणले? पसंत हाय ना आपली लुंबिनी?…

अं?…

उठून गेले? चुरमुऱ्यांची सुशीला तशीच प्लेटमध्ये ठेवून?… चहा पण न्हाई घेतला?… अरारा…

हळू वहिनी, हळू. काही कळून न्हाई राहिलं मला… काय दिसलं?… गळ्यावरचं? असं कसं दिसंल? सकाळी माझ्या हातानं झाकून गेले की मी…

ओ वहिनी, हलका माल न्हाई माझा. ऐकून तर घ्या… एक मिनिट. खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय, एकच भिवई झालीय बाईची. मी जिन्यात येते… बसा हो बाई, आलेच, दुसरी पण करते, तशी न्हाई पाठवत तुम्हाला…

हां, बोला आता… काय ते सारखं डाग, डाग? कोड म्हणतात त्याला. नाव घेतल्यानं पसरत न्हाई ते… बरं, न्हाई म्हणत. डाग तर डाग.

मी काय कमी केलं सांगा ना. रंग निवडायला पोरीला अंगणात उन्हात उभी केली. ट्यूबलाइटखाली निवडला असता तर दिवसा गळा वेगळा आन् तोंड वेगळं दिसलं असतं. फडक्यात बर्फ गुंडाळून आधी गळा गार केला. मंग बोटानं थापून थापून पातळ थर, वर पावडर, वाळू दिलं, परत पातळ थर. तुम्ही मागं उभ्या राहून 'जाड लाव सुमन, जाड लाव.' अहो, आपल्याकडच्या उन्हात जाड लावलं की तडे जातात, शेतातल्या मातीसारखे. म्हणून न्हाई ऐकलं तुमचं…

कूलर? हाव, मीच म्हणलं होतं कूलरसमोर बसवा… लाइट गेली होती? आन् पोरीला शालू नेसवून बसवलं तसंच?… ह्या उन्हात?… वा.

मी तर पहिल्याच दिवशी म्हणलं होतं, सरळ सांगून टाका त्यांना. दर पौर्णिमेला विहारात सगळ्यात पुढं बसून पंचशील म्हणता तुम्ही. चौथं शील काय हाय? खोटं बोलणार न्हाई… झाकणं म्हणजे खोटं न्हाई? बरं. तुम्ही म्हणता तर नसंल.

आन् मुलगा? काय नाव त्याचं, अश्वजित?… टोपी घालून बसला होता? घरात?… न्हाई, हसले न्हाई मी… पुढून केस गेलेत म्हणता. मंग टोपी काढा म्हणलं का कुणी त्याला?… हाव. कसं म्हणणार. मुलाकडचे ते.

बरं, ते सोडा. मला एक सांगा, गळ्यावर ओघळ आले होते का?… न्हाई? ब्लाउजच्या काठाला रंग लागला?… तो पण न्हाई? साफ?… म्हणजे लावलंच नव्हतं असं साफ?… असं कसं हो…

चकाकत होता? घामानं का तेलकट?… कधी, चहाचा ट्रे घेऊन आली तवा?… त्याच्या आधी कुठं होती ती?… मोरीत. केस नीट करून येते म्हणून… बरं.

अहो, तेच तर सांगून राहिले ना मी, हे घामाचं काम न्हाई! माझं कन्सीलर वॉटरप्रूफ हाय. परवा ट्रायल घेतली तवा तुमच्या लुंबिनीनं साबण लावून, नळाखाली खसाखसा घासलं मनगट. तसूभर हललं न्हाई. शेवटी मलाच विचारते, 'सुमनमावशी, मंग हे निघतं तरी कशानं?' मी म्हणलं, पोरी, ह्याला खोबऱ्याचं ते…

…

हाव… हाय मी, हाय. लाइन न्हाई गेली.

कुठं काय म्हणत होते… काही न्हाई हो. सहज आपलं…

कशानं निघतं?… घामानं. लई घाम आला की… आत्ताच न्हाई म्हणले? म्हणले खरं. आमच्या धंद्यात म्हणावं लागतं वहिनी तसं.

काय?… तिनंच पुसलं असंल? कोण म्हणतं?… आनंदराजभाऊ? बाप होऊन असं म्हणून राहिले?… छे छे. ती कशाला पुसंल?… पोरीनं मुद्दाम केलं असंल तर हैदराबादची नोकरी बंद? घरी बसवणार?… अहो, विष्णुपुरीला एवढं इंजिनिअरिंग केलं तिनं. स्वतःच्या हिमतीवर नोकरी मिळवली. आता रुजू व्हायची वेळ आली आन्…

रडून राहिली का ती?… न्हाई? नुसती बसलीय? म्हणून भाऊंना संशय येतो?… घ्या. रडली असती तर बरं झालं असतं म्हणायचं.

वहिनी, ऐका. ऐका ना. भाऊंना सांगा, पोरीचा काही दोष न्हाई. माझीच चूक झाली… हाव. माझीच. नवीन माल होता, तपासून न्हाई घेतला. लाइट गेली, घाम आला, आन् गेलं सगळं वाहून… ओघळ? ते… असतो एखादा माल, पाण्यासारखा पातळ होऊन जातो. ओघळ न्हाई दिसत… हाव, हलकाच. हलकाच म्हणून राहिले की मी, अजून किती वेळा म्हणू?

म्हणा. काय म्हणायचं ते म्हणा…

हां…

हां…

लातूरचं लग्न? तुमच्या भाचीचं? अहो, ते तर पक्कं झालं होतं. मेहंदीपासून सगळं मीच करणार होते. दोन पोरींना सांगून ठेवलंय मी मदतीला… बरं. नका बोलवू… विहारातल्या बायकांना पण सांगणार? सांगा. ह्या गल्लीत तुम्ही सांगितल्यावर कोण येतंय मंग माझ्याकडं. ऐन लग्नसराईत. सांगा, सांगा…

राग न्हाई आला. राग येऊन काय करू? फक्त पोरीला बोलू नका. आन् भाऊंना आत्ताच सांगा, माझ्यासमोर सांगा, सुमनचा माल हलका होता म्हणून… बोलवा त्यांना. धरते मी…

…

हॅलो?… कोण?… लुंबिनी? आई कुठाय?… अंगणात गेली? मंग हळू बोल.

कळलं मला. हाव, सगळं कळलं… अगं, थँक्यू कशाला म्हणतीस? मला राग आलाय तुझा. खरंच आलाय. माझं नाव गेलं, लातूरचं लग्न गेलं. मला आधी सांगायचं होतंस. लावलंच नसतं मी… न्हाई, खोटं कशाला बोलू, लावलं असतं. दुकान हाय माझं.

एक सांग, पुसलं कशानं?… टॉवेलानं? पांढऱ्या?… अगं येडे, त्याला रंग लागला असंल ना सगळा! कुठाय तो?… मोरीतच, दांडीवर? आन् तेलाची बाटली?… आधी जा. नुसत्या साबणानं न्हाई निघायचं, आधी तेल चोळ, मंग साबण…

काय म्हणलीस?… परत म्हण…

हाव. तुझाच गळा हाय. मी कुठं न्हाई म्हणते…

पण ते उठून गेले तवा?… वाईट वाटलं ना? वाटणारच गं. आपण कितीही मनाची तयारी केली तरी वाटतं. रडायचं असलं तर टॉवेल धुता धुता रडून घे… जा आता. आई आली का?…

…हाव वहिनी, मीच. पोरीची माफी मागून राहिले होते. तुझा काही दोष न्हाई पोरी, म्हणत होते… पटलं भाऊंना? जाऊ देतो म्हणले हैदराबादला?… पण?

पुढच्या रविवारी?… एवढ्यात दुसरे पाहुणे?… बघून जाऊ द्या, मंग जाऊ दे नोकरीला. हां. कळलं.

न्हाई न्हाई, मला कशाला बोलवता. दुसरी बाई बोलवा… बोलवलीय? बरं… पुण्याहून मागवून राहिले? महागाचं असंल… घाम, पाणी, साबण, कशानं म्हणता कशानंच न्हाई निघत?… डब्यावरच लिहिलंय? बरं बरं… न्हाई हो, हसले न्हाई. खोकला आला.

चला, ठेवते. खुर्चीतली बाई आता उठून जाईल, अर्ध्या भिवईनं…

आन् वहिनी… एक राह्यलंच. रविवारच्या आधी एक खोबऱ्याच्या तेलाची बाटली आणून ठेवा मोरीत. मोठी आणा… न्हाई हो, केसाला. पोरीच्या केसाला. उन्हाळा हाय, डोकं तापतं तिचं…

हॅलो?… हॅलो?…