कोंडलेल्या हवेची खोली

सन्माननीय अध्यक्ष अण्णासाहेब, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आमचे फोरमन भुजंगराव, कारखान्यातील सहकारी आणि त्यांच्या घरची मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

मी देवानंद, हवा दाबून टाकीत भरणाऱ्या कॉम्प्रेसरवरचा ऑपरेटर. मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे मला हळू बोलता येत नाही, तेवढं सांभाळून घ्या.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा आठवतो? धूळ आत येते म्हणून कॉम्प्रेसर खोलीच्या खिडक्या विटांनी बुजवल्या होत्या. भुजंगराव अण्णासाहेबांना सांगत होते, "साहेब, मशीन सोताचीच गरम हवा परत ओढून राह्यलं. तेल जळंल, हवेची टाकी फुटंल." सीझन संपला की बघू, असं ठरलं.

आणि एका भर दुपारी नळीवरच्या रंगाला फोड आले. जळक्या तेलाचा वास सुटला. मशीन बंद करायला मी आत गेलो, पण स्विचपर्यंत पोचायच्या आधीच भोवळ येऊन पडलो. बाहेर ओरड झाली, "टाकी फुटती, पळा!" सगळे फाटकाकडे पळाले. पळणार नाहीत तर काय करणार? मीही पळालो असतो.

तेवढ्यात कुणीतरी माझी कॉलर धरली. भुजंगराव! म्हणाले, "देवा, लई भेव वाटून राह्यलं रे. डोळे उघड. मला एकट्याला सोडू नको." वाचवायला आलेला माणूस असं बोलतो का, सांगा?

इतक्यात जादा दाब बाहेर सोडणारा टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किंचाळत उघडला. आम्हा दोघांनाही वाटलं, फुटली! दार चार पावलांवर होतं. हा माणूस तिकडे गेला नाही, माझ्या अंगावर पालथा पडला. आपण जिवंत आहोत हे कळल्यावर रांगत जाऊन त्यांनी स्विच ओढला.

संध्याकाळपर्यंत भिंत फोडली. खालच्या झरोक्यातून गार हवा आत, वरच्यातून गरम बाहेर. अध्यक्षांनी ती बिलकुल न कुरकुरता फोडू दिली, त्यांचे आभार. तरी व्हॉल्व्ह वाजला की मी अजून आधी दाराकडे बघतो. उद्यापासून तो वाजेल तेव्हा दारात भुजंगराव नसतील.

गिरिजाकाकू, त्या दिवशी घरी येऊन यांनी तुम्हाला ऊन लागलं असं सांगितलं होतं. ते ऊन नव्हतं. मला बोलू नको म्हणाले होते, आज राहवलं नाही.

कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळींचे आभार. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. पण काकू, त्या दुपारी माझ्यापायी तुमचं कुंकू पणाला लागलं होतं; त्याची माफी फक्त तुमच्याकडे मागतो.