वाट्यांचा मनोरा

दुपारी एक ते चार घरात आवाज करायचा नाही, आणि का ते विचारायचं नाही — असा नियम आहे आमच्याकडे, डॉक्टर. तुम्ही विचारलंत ना, हात एवढा वाकडा झालाय आणि सहा वर्षांची पोर रडत कशी नाही, म्हणून नियमापासून सुरुवात केली. मुकी नाही हो. चुरूचुरू बोलते. पण चार वाजल्यानंतर. माझी भाची ही, भावाची मुलगी. मुंगी म्हणतो आम्ही, चालली तरी कळत नाही म्हणून. कौतुकाने ठेवलंय नाव. कौतुकाने!

तर नियम. माझे बाबा काचेच्या कारखान्यात रात्रपाळीचे मुकादम होते. सकाळी यायचे, जेवायचे, दुपारभर झोपायचे — ठीक आहे, रात्रभर भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला झोप हवी, एवढं मला कळतं. पण निवृत्त होऊन सहा वर्षं झाली! आता रात्री झोपतात ते झोपतात, वर दुपारीही झोपतात. कारखाना सुटला, नियम काही सुटला नाही. मी एकदा आईला म्हटलं, रात्रपाळीच उरली नाही तर दुपारची शांतता कसली? तर म्हणे, कॉलेजात गेलीस म्हणून शिंगं फुटली का तुला? फुटली. बरं मग?

हो, हो, हाताचंच सांगते.

शाळेला सुट्टी. भाऊ-वहिनी आठला कामावर जातात. माझी परीक्षा संपलेली, म्हणजे पोरं कोणाच्या गळ्यात? आत्याच्या. ही, आणि हिचा नऊ वर्षांचा भाऊ, भोपळ्या. बाहेर ऊन असं की चप्पल रस्त्याला चिकटते. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, तीन खोल्या, तीन तास, आणि आवाज नाही — तुम्ही रमवून दाखवा बरं दोन पोरं! मी रमवली. बिनआवाजाचे खेळ काढले मी. गोट्यांना लोकर गुंडाळायची. कॅरमच्या सोंगट्या फुंकरीने ढकलायच्या. चादरीमागे टॉर्च धरून मुका सिनेमा. काठोकाठ भरलेला पेला घेऊन फरशीच्या रेघेवरून चालायचं — सांडलं तर माफ, वाजलं तर बाद. सगळ्या खेळांचा कायदा एकच, आवाज करील तो बाद. शेजारच्या काकू म्हणायच्या, घरात दोन पोरं आहेत हे कळतसुद्धा नाही हो, शिकावं तुझ्याकडून. आणि मी फुगायचे. मूर्खासारखी फुगायचे.

आजचा खेळ वाट्यांचा. खाली हातरुमाल, त्याच्यावर स्टीलची वाटी पालथी घालायची, परत रुमाल, परत वाटी — असा मनोरा. रुमाल अकरा, म्हणून विक्रमही अकराचा. आज बाईसाहेबांना बारावी ठेवायची होती. रुमालाशिवाय. जीभ बाहेर काढून, श्वास रोखून ठेवली. आणि राहिली हो! हसली ही, बिनआवाजाची हसली, टाळ्याही हवेतल्या हवेत वाजवल्या — आणि कोपर लागलं. बारा वाट्या, डॉक्टर. फरशीवर. शेवटची एक गोल गोल फिरतच राहिली. मी तिच्यावर पाय ठेवला, पण तोवर आतलं दार उघडलं होतं.

रूळ असतो त्यांच्याकडे. काळा, गोल, हातभर लांब. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन येतात, यांनी रूळ आणला. 'कोणी?' — एवढंच म्हणाले. भोपळ्याची चड्डी ओली झाली. आणि हिने, शाळेत करतात ना, तसा हात वर केला. मी केलं, म्हणून हात वर. खरं बोलावं हेही मीच शिकवलंय ना! त्या वर केलेल्या हातावर मारलं त्यांनी. एकदा. मग परत. दुसऱ्या वेळी तो आवाज आला — वाळकी काटकी गुडघ्यावर मोडावी तसा. काटकीच आहे की हो, बघा ना मनगट केवढंसं आहे.

तरी ओरडली नाही. ओठ आत दाबले आणि माझ्याकडे बघितलं. का बघितलं असेल? विचारत होती मला — बाद झाले का? आणि मी — हे नका लिहू. नाही, लिहा. मी ओठांवर बोट ठेवलं. हाड मोडलेल्या पोरीला मी खूण केली, शू! मुद्दाम नाही हो, आपोआप गेलं बोट. आईचं जायचं ना तसंच. हे माझं कोपर बघा, एवढंच उघडतं, याच्या पुढे सरळ होत नाही. मी सात वर्षांची होते. 'झाडावरून पडली' असं लिहिलंय तेव्हाच्या डॉक्टरांनी. आमच्या अख्ख्या गल्लीत झाड नव्हतं.

मग? मग काय! माझंच बोट मला दिसलं आणि डोक्यात काहीतरी फुटलं. रूळ हिसकावला. आणि हाणला. बाहेर बाकावर कपाळाला टॉवेल धरून म्हातारा बसलाय ना, टॉवेल लाल झालाय — ते मी केलं. खाली बसले ते, वाट्यांमध्येच. आणि मी परत उचलला. खोटं कशाला सांगू, परत उचलला, मारणारच होते, आणि बरं वाटत होतं डॉक्टर. फार बरं वाटत होतं. त्यांनाही असंच वाटत असेल का, इतकी वर्षं? थांबले ते भोपळ्यामुळे. तो येऊन पायाला बिलगला — बिलगला नाही, पाया पडत होता. माझ्या. 'आत्या, नाही करणार आवाज, आत्या, नाही करणार' — तेही कुजबुजत.

आता बाहेर तह झालाय. ही पलंगावरून पडली, बाबा न्हाणीघरात घसरले. दोघंही पडले, फिटंफाट! मोठ्या काकांचं डोकं ते. जन्मभर कोर्टात कारकुनी केली, कागद कसा रंगवायचा ते त्यांना विचारावं. म्हणे, तूही सुटशील, तेही सुटतील, झाकली मूठ. नाहीतर बापाचं डोकं फोडलंस हेही कागदावर येईल, मग नोकरी कोण देतो बघू. भाऊ पोचायच्या आत उरकून टाक म्हणाले.

आलेच बघा. या ना, दारात का उभे? काका, या. आई, तूही ये. बाबा, या, बसा, तुमचंही टाके घालायचं काम आहे. काय म्हणालीस? पलंगावरून? कोणत्या पलंगावरून गं? पोरं खाली गादी घालून झोपतात! निदान खोटं तरी घरातल्या सामानाला धरून बोला.

नाही काका. हळू नाही बोलणार. तुमच्या पुतणीचं कल्याण तुम्ही नका बघू. लिहा डॉक्टर — आजोबांनी रुळाने दोनदा मारलं, हात मोडला. झालं? आता त्याच्याखाली लिहा — आजोबांना त्यांच्या मुलीने मारलं, त्याच रुळाने. दोन्हीखाली सही करते. पोलिसांना कळवावं लागतं ना तुम्हाला? कळवा. माझंही कळवा. आणि माझ्या कोपराचंही कुठे लिहिता येत असेल तर जागा ठेवा. आई, माझ्याकडे बघ. झाड कुठे होतं गं?

बोल की. बोला ना सगळे. मघाशी बाहेर तिघं एकदम बोलत होतात. बाबा, घड्याळ बघा, चार वाजून गेलेत. आता चालतो आवाज.

कोणीच नाही?

बरं. सिस्टर, दार उघडंच राहू द्या, ऐकू जाऊ दे त्यांना. डॉक्टर, टोचा सुई. मुंगे, इकडे बघ, आत्याकडे. हे बघ, बोट खाली आहे माझं. दुखतंय ना? मग ओरड. बाद नाही होत कोणी. संपला तो खेळ.

ओरड, मुंगे.

अगं, ओरड ना गं.