तीन शाळांचे वीस कम्प्युटर

हॅलो?… हो, वनमालाच बोलतेय. संस्थेच्या बीडच्या हापिसात फोन दुसरं कोण उचलणार?… हळू बोल, उज्ज्वला. शब्द कळंना… रडतीस कावून? रामेश्वर काई बोलला का? माझा भाऊ असला म्हणून काय झालं, मी त्याचे कान… बरं, तो न्हाई. तो शेरडांमागं गेलाय. मग?

… सचिव? सुंदरराव सोता आलेत युसूफ वडगावच्या शाळेत?… हां… हां… थांब. तो कागद वाच मला. शब्दन् शब्द वाच.

… “माझ्या ताब्यातून”… पुढं?… “गहाळ”. वीसच्या वीस कम्प्युटर?

सही केलीस का?… न्हाई ना? नक्की न्हाई?… गुणाची माझी बाय ती. आधी पेनाला टोपण लाव. लाव म्हणते ना… लावलंस? आता ऐक.

… कुठं हायेत म्हणजे? वडवणीच्या शाळेत हायेत. परवा तूच टेम्पोत चढवून दिलेस की… अगं, ऐक ना. दर साली तपासणीवाले सोमवारी वडवणी, बुधवारी पाली, शनिवारी तुमच्याकडं यायचे. आपला टेम्पो त्यांच्या एक दिस म्होरं. कागदावर साठ कम्प्युटर, गाडीत वीस. पोरांचं बोट बटणाला लागायच्या आत गाडी भरायची. यंदा तिघं साहेब तीन गावात, उद्या अकराला, एकाच टायमाला. टेम्पोला काय पंख फुटणार? म्हणून सुंदररावांना चोर पायजे. अन् चोर कोण, तर खोलीची किल्ली जिच्या कमरेला ती.

… पालीचं? पालीच्या शाळेतल्या मोहनरावांनी सकाळीच केली असल्याच कागदावर सही. दोन महिन्यांवर निवृत्ती, भ्याला माणूस.

… नगं गं, माझ्या पाया कशाला पडतीस. चूक माझीच हाय… हो, माझीच. स्टिकर कुणी चिकटवले? वडवणीचा नंबर नखानं खरवडायचा, वर पालीचा लावायचा, दोन दिसांनी पालीचा खरवडायचा. आपला आबा दोनशे मेंढरं तोंडावरून ओळखायचा. दुसऱ्याचं एक कोकरू कळपात आलं तर तीन कोस चालत परत देऊन यायचा. अन् त्याची लेक विसाचे साठ करून बसली. वर तुला बी हितंच नोकरीला लावलं.

… म्हणूनच सांगते, ऐक. शहादेव ड्रायव्हर हाय ना, त्याला एकदा वाटेत पोलिसानं धरलतं. तवापास्नं लॉगबुकात सही घेतल्याबगर तो चाक हलवत न्हाई. कुठून, कुठं, काय माल, किती. अन् सही कुणाची? सुंदररावांची. वाचतात कुठं ते, नुसतं फराटा मारतात. चार वर्षांच्या फेऱ्या हायेत. परवाची बी. लॉगबुक हे माझ्या मांडीवर हाय.

… कोण आलं?… तेच का? दे. भिऊ नको, दे त्यांना फोन.

नमस्कार सर… हो, मीच सांगितलं सही करू नको म्हणून… न्हाई, नणंद म्हणून न्हाई. स्टिकर लावणारी म्हणून बोलते… ऐकून घ्या. परवाचं पान वाचते. “युसूफ वडगाव ते वडवणी, कम्प्युटर वीस.” खाली सही. तुमची… वरडू नका सर, मला ऐकू येतं… मला नोकरीवरून काढून टाका की. पण उद्या लॉगबुक मी साहेबांच्या हातात देणार, मग काढा… न्हाई. तो कागद फाडला तरी देणार… मोहनरावांचा बी फाडा. त्यांची लेकरं बी भाकरीच खातात… हो, माझी बी चौकशी होईल. माझे नंबर मी लिहूनच ठेवलेत, कुठला कुठं कवा चिकटवला ते. माझ्या सहीनं… बरं. तिला द्या फोन.

… उज्ज्वला?… फाडला? सोता?… तुकडे गोळा कर अन् पिशवीत ठेव… येडी का तू, मी कशाला भिऊ… नोकरी गेली तर रामेश्वरची शेरडं दोघी मिळून राखू. तो तरी कुठं नीट राखतो… हसलीस का? हास.

उद्या सातच्या गाडीनं निघते. केजला उतरले की जीप मिळंल. अकराच्या आत तुझ्याजवळ… न्हाई, खायला काई करू नको. एकच काम कर. सुंदरराव म्हणतील, खोलीत पोरं बसव, वह्या मांड, नकाशे टांग. काईच मांडू नको. वीस टेबलं हायेत ना? ओल्या फडक्यानं सगळी पुसून घे अन् खिडक्या उघड. रिकामी हायेत, ती नीट रिकामी दिसू दे… हां. ठेवते.