झेंडूनं बरं झालेलं ग्राफिक्स कार्ड

गड्या, माझा गेमिंग कॉम्प्युटर दुरुस्त कुणी केला, ह्यावर आमच्या घरात अजून वाद हाय.

खंडेनवमीला मी कॅबिनेट उघडून साफ केलं. त्या दिवसापास्नं ग्राफिक्स कार्ड तापायचं आणि ऐन मॅचमध्ये स्क्रीन काळी! टीमवाले म्हणाले, "आणखी एकदा असं झालं तर तुला काढतो." मी ड्रायव्हर बदलला, विंडोज नवीन टाकलं, हवा लागावी म्हणून कॅबिनेटची काच लावलीच न्हाई. तरी रोज जास्तच बंद पडाय लागलं. शेवटी कार्ड बाहेर काढलं, तर पंख्यात मूठभर झेंडूच्या पाकळ्या!

"आबा, ह्यात फुलं कुणी टाकली?"

माझे वडील मिल्ट्रीतनं रिटायर झालेले. म्हणाले, "टाकली न्हाईत, वाहिली. खंडेनवमीला आमी रायफलीला वाहायचो. तुझं हत्यार हेच की."

"आवं, खंडेनवमी होऊन महिना झाला. ही तर ताजी हायती!"

"मग? ते बंद पडलं की तू वैतागून चहाला जातोस, तवा मी एक फूल वाहतो. तू येऊन बटण दाबलंस की चालू होतंय का न्हाई?"

"आवं, तवर ते गार झालेलं असतंय!"

"आसं व्हय," आबा म्हणाले.

मी पाकळ्या काढल्या, काच घट्ट बसवली. तवापास्नं एकदाबी बंद पडलं न्हाई. आबा आता काचेसमोर फूल ठेवत्यात आणि येईल त्याला सांगत्यात, "पोरानं लय खटपट केली, पण गुण आला तो झेंडूनंच."